दुफाट्यावरचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावला तुम्ही पायी निघाला आहात असं समजा. पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. बांधावर दोन गडी बसलेले. एक कायम खरं बोलतो, दुसरा कायम खोटं, आणि चेहऱ्यावरून काहीच ओळखू येत नाही. प्रश्न एकच विचारायचा आहे.

'मामा, गोरेगावची वाट कोणती?' असं सरळ विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं ते असं : 'मामा, या शेजारच्या गड्याला मी गोरेगावची वाट विचारली, तर तो कोणती दाखवेल?' खरं बोलणारा शेजाऱ्याचं खोटं जसंच्या तसं सांगतो. खोटारडा शेजाऱ्याचं खरं उलटं करून सांगतो. दोघांचंही बोट चुकीच्याच वाटेकडे जातं. आपण दुसरी धरायची. उत्तरात खोटं एकदाच मिसळलं, आणि ते कोणी मिसळलं याचा शोध घ्यायची गरजच उरली नाही.

दोघांपैकी एकटाच भेटला तरी अडत नाही. 'उजवी वाट गोरेगावची का, असं विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का?' खोटारड्याला आता स्वतःच्या खोट्याबद्दल खोटं बोलावं लागतं. उणे गुणिले उणे अधिक होतं आणि त्याच्या तोंडून खरी वाट बाहेर पडते. मला हे फार मोलाचं वाटतं. न चुकता खोटं बोलणाऱ्याकडूनही सत्य काढता येतं, कारण त्याच्या वागण्याला नियम आहे.

खरा पेच तिसऱ्या माणसाचा, मनाला येईल तसं कधी खरं, कधी खोटं बोलणाऱ्याचा. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात असली कोडी रंगवली, त्यात हाही माणूस आहे. पुढे तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९९६ मध्ये स्मलियन यांचंच एक कोडं आजवरचं सर्वांत अवघड म्हणून मांडलं. त्यात तीन देव आहेत : खरा, खोटा आणि लहरी. कोण कोणता, हे तीन प्रश्नांत ओळखायचं. बूलोस यांच्या उत्तरात पहिला प्रश्न केवळ एवढ्यासाठी खर्च होतो, की जो लहरी नाही असा एक देव सापडावा. पुढचे दोन्ही प्रश्न त्यालाच.

हळद विकायला निघालेला जाणता शेतकरीही आजचा भाव एकदम विचारत नाही. परवाचा भाव आधी विचारतो. परवाच्या विक्रीची पट्टी त्याच्या खिशात असते, म्हणून समोरचा खरं बोलतो का ते कळतं. लहरी माणूस त्यातूनही निसटू शकतो, म्हणून शेतकरी आणखी दोघांना विचारतो आणि मगच गाडी भरायला घेतो.