शेऱ्याचा रकाना

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला, तो एका हाताने चकली मोडीत मांडीवरच्या संगणकात डोके खुपसून बसला. "मामा, कर्नेलमधल्या वॉर्निंग निस्तरतोय," तो म्हणाला. कर्नेल म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे झुपकेदार मिशांचा लष्करी अधिकारी उभा राहिला! मग त्यानेच समजावून सांगितले.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा हा गाभा लिहायला घेतला. मेमरी कोणाला किती द्यायची, यंत्राला कोणी केव्हा राबवायचे, हे सारे तो ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. त्याचा मजकूर माणसे लिहितात. तो यंत्राच्या भाषेत उतरवतो कंपायलर. उघड चूक दिसली तर तो अडून बसतो. नुसती शंका आली तर इशारा देतो आणि पुढे जातो.

एक इशारा असा : 'या चलाला किंमत न देताच ते वापरले जात असावे.' तसे झाले तर त्या जागी मेमरीत उरलेला कचराच हाती येतो. पण ही शंका पुष्कळदा खोटीही ठरते. म्हणून कर्नेलमध्ये एक युक्ती रूढ झाली होती. 'क्ष = क्ष' असे लिहायचे! क्ष ची किंमत काय, तर क्ष. ज्ञानात काडीची भर नाही, पण कंपायलर गप्प. पुढे खऱ्या चुकाही या पांघरुणाखाली दडू लागल्या, तेव्हा २०२० साली ती युक्ती हद्दपार झाली.

मी हसलो, पण ते हसू ओठांवरच विरले.

काही वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस आलीच नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला, 'घरगुती कारण'. रकाना भरला, कोणी काही विचारले नाही. महिन्याने तिच्या घरी गेलो, तो दाराला कुलूप. आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली होती. 'घरगुती कारण' म्हणजे तरी काय? ती आली नाही, कारण ती आली नाही. क्ष = क्ष!

मग प्रत्येक इशाऱ्यापुढे मान तुकवायची का? तेही जमत नाही. प्रत्येक इशारा चूकच समजून काम अडवावे, असा सरसकट नियम टोरवाल्ड्सने २०२१ साली केला. थोड्याच दिवसांत तो सैल करावा लागला. इशारा खरा की खोटा, हा प्रश्न नंतरचा. आधी उठून पाहून यावे लागते. भाच्याने त्या रात्री एका ओळीसाठी तिच्याकडे येणारी एकेक वाट तपासली. इशारा खोटाच निघाला. पण तो खोटा आहे हे आता त्याला ठाऊक होते.

परवा हजेरीपट चाळताना मुख्याध्यापकांनी विचारले, "गुरुजी, हा रकाना कोरा कसा?"

म्हटले, "अजून त्याच्या घरी जाऊन आलो नाही."