अर्धसत्याचे पुण्य

अश्वत्थामा मेला, हे युधिष्ठिराचे बोलणे शब्दशः खोटे नव्हते. त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरी ते आपल्या मुलाबद्दल आहे असे समजून द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ भुईला टेकला. शब्द खरे असूनही बोलणे खोटे ठरू शकते, हा या कथेचा निवाडा. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल पुरुषांना जागे करणाऱ्या मोहिमांना हीच कसोटी लावून पाहावी. ‘लवकर तपासा, जीव वाचवा’ हा त्यांचा सांगावा खोटा नाही. पण ज्याला काहीही होत नाही अशा माणसाला एवढेच सांगणे पुरेसे खरे आहे का?

आधी पुरावा पाहू. पीएसए ही रक्तचाचणी कर्करोगाची नेमकी खूण सांगत नाही. ग्रंथी वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी आकडा चढतो. युरोपातील 55 ते 69 वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास 23 वर्षे चालला. त्याचा हिशेब असा, की 456 पुरुषांना तपासणीला बोलावले तर या रोगाचा एक मृत्यू टळतो आणि त्या एकामागे बाराजणांना एरवी न सापडणाऱ्या रोगाचे जास्तीचे निदान होते. ब्रिटनमधल्याच दुसऱ्या अभ्यासात पीएसएमुळे रोग सापडलेले 1643 पुरुष होते. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार मिळाले, काहींवर नुसती नजर ठेवली. 15 वर्षांनी तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले साधारण तीन टक्केच होते. मात्र लघवी न थांबणे आणि लैंगिक क्षमता जाणे, ही किंमत शस्त्रक्रियेनंतर अनेकांनी मोजली. म्हणजे लाभ खरा आहे, आणि हानीही खरी आहे.

मग मोहिमेत फक्त लाभच का दिसतो? लबाडीमुळे नव्हे, साक्षीदारच तसे मिळतात. 2018 मध्ये अभिनेते स्टीफन फ्राय आणि वृत्तनिवेदक बिल टर्नबुल आपल्या आजाराविषयी उघडपणे बोलले, आणि उपचाराला येणाऱ्या पुरुषांची संख्या ठळकपणे वाढली. एकाचा रोग वेळीच सापडला होता, दुसऱ्याचा हाडांपर्यंत पसरला होता. दोन्ही कथांचे तात्पर्य एकच निघते. पण ज्याचा रोग आयुष्यभर निपचित पडून राहिला असता आणि तरी ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, तो माणूस साक्षीला कधीच येत नाही. आपण तसे आहोत हे त्याला कळण्याची सोयच नाही. तो आपला जीव वाचला असेच समजतो आणि दुसऱ्यालाही तपासणीला धाडतो. अनुभवाचे प्रामाण्य इथे तोकडे पडते. हानी झालेला माणूसच लाभाची ग्वाही देतो.

यावर आक्षेप असा, की पुरुष आधीच डॉक्टरांना टाळतात. त्यांच्यापुढे आकडेमोड मांडली तर ते येणारच नाहीत. ब्रिटनमध्ये दर आठ पुरुषांत एकाला हा रोग होतो, कृष्णवर्णीयांत चौघांत एकाला. त्यांच्यापर्यंत निरोप न पोचणे हाही अन्यायच. हा आक्षेप वजनदार आहे. 2003 मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या मिशा वाढवण्याच्या मोहिमेने पुरुषांचे मौन मोडले, हे श्रेयही नाकारता येणार नाही. पण मौन मोडणे वेगळे आणि निर्णय परस्पर उरकणे वेगळे. रुग्ण स्वतः वैद्याकडे जातो. इथे वैद्यक निरोग्याच्या दारात येते, म्हणून त्याची जबाबदारी वाढते. ज्यांचा धोका जास्त आहे त्यांना तसे ठामपणे सांगावे, कारण ते पूर्ण सत्यच आहे. बाकीच्यांसाठीही सत्य आता पूर्वीइतके भयंकर राहिलेले नाही: तपासणीसाठी ग्रंथीचा तुकडा काढण्याआधी एमआरआय होतो आणि सौम्य रोगावर नुसती नजर ठेवता येते. ‘चाचणी जीव वाचवू शकते, नको त्या उपचारातही ओढू शकते, डॉक्टरांशी बोलून ठरवा’ एवढे फलकावर सहज मावते.

हेतू चांगला होता, हा बचाव युधिष्ठिरालाही करता आला असता. त्याची बाजू न्यायाची होती. तरी दोष लागला, कारण समोरच्याचा विवेक वापरू न देता त्याच्याकडून हवे ते करून घेतले गेले. पन्नाशीच्या पुरुषाने तपासणी करावी की नाही, यावर दोन शहाणी माणसे वेगळी उत्तरे देऊ शकतात. मोहिमेने त्याला दाराशी आणावे, दोन्ही पारडी दाखवावीत आणि पाऊल त्याचे त्याला उचलू द्यावे.