हातचे पाणी

मनुष्य जगतो कशासाठी, हा प्रश्न भरल्या घरात सहसा उठत नाही. नोकरी, मुलांची शिक्षणे, सणवार, आजारपणे यांच्या रहाटगाडग्यात दिवस उगवतो आणि मावळतो. परंतु घरातील एखादे माणूस जाते, तेराव्याची वर्दळ ओसरते, आप्तेष्ट आपापल्या गावी परततात आणि मागे राहिलेल्यास रिकाम्या ओसरीवर बसल्याबसल्या वाटू लागते की, आता हे सारे करावयाचे कोणासाठी? अशा वेळी कोणी पूर्वकर्माचा सिद्धान्त सांगतो, कोणी काळ हेच औषध असे म्हणतो. ही उत्तरे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुःखिताच्या हाती त्यांतून पुष्कळदा काहीच लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नास कशी सामोरी जाते, हे पाहावयाचे तर मराठी वाचकांस दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या घरचेच आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीस संस्कृत शिकविले आणि मातेने ते कन्येस दिले. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळाचा घाला आला; त्यात रमाबाई आई, वडील व थोरली बहीण यांना थोड्याच काळात अंतरल्या. पुढे १८८० साली बंधू गेले व १८८२ साली पतीही गेले. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वी एवढे मृत्यू पाहिलेल्या या बाईंपाशी लहानगी मनोरमा आणि कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली विद्वत्ता, एवढीच काय ती शिल्लक होती. विद्येने मान मिळाला; परंतु ज्या शास्त्रग्रंथांत त्या पारंगत होत्या, त्यांत स्त्रीजन्मास मोक्षाची वाट मोकळी नाही, असेच त्यांस आढळले.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे तेथील जोगिणींनी चालविलेले, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांची सावलीही घरंदाज लोक टाळीत, त्यांची शुश्रूषा करण्यात या बायका आयुष्य का घालवितात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. शोमरोन प्रांतातील एका विहिरीवर भर दुपारी एक स्त्री पाण्यास येते. तिचे पाच पती होऊन गेलेले. शिवाय जात अशी की, यहुदी लोक तिच्या जातीशी व्यवहार ठेवीत नसत. तेथे दमून बसलेला येशू तिला म्हणतो, मला प्यावयास दे. हातचे पाणी चालणे व न चालणे यांत आपल्या समाजात किती अर्थ भरला होता, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. उपदेश पुढे येतो. प्रथम तो तिच्यापाशी काही मागतो. आम्हांस या कथेचे मर्म येथेच दिसते. जिचे जगाला ओझे झाले होते, तिच्यापाशी देण्यासारखे काही आहे, असे तिला कोणीतरी पहिल्यानेच दाखविले.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांची कथा येथे संपली असती, तर ती आम्हांस इतकी विश्वसनीय वाटली नसती. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्या ध्यानात यावयास त्यानंतर आठ वर्षे लागली, असे त्यांनी पुढे स्वतः प्रांजळपणे लिहिले आहे. मत पटणे ही एक गोष्ट व त्या मताचा आधार वाटणे ही दुसरी. गीतेचे अध्याय मुखोद्गत असूनही संकटात गांगरणारे गृहस्थ आपण नित्य पाहतो. रमाबाईंनी दोहोंमधील हे अंतर ओळखले आणि ते लपविले नाही.

श्रद्धा सापडली म्हणून वाट सुकर झाली, असेही नाही. १८८९ साली मुंबईस स्थापिलेले व पुढे पुण्यास नेलेले शारदासदन धर्मशिक्षणापासून अलिप्त राहील, असे ठरले होते. मुलींस बाईंच्या प्रार्थनेस बसण्याची मोकळीक आहे, यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी लावून घ्यावयाचे काय, असा बाईंचा प्रश्न होता. विश्वासाने मुली धाडल्या त्या विश्वासाचे काय, असा पालकांचा होता. दोन्ही प्रश्न खरे होते. श्रद्धेच्या तेजात वावरणाऱ्यास दुसऱ्याचे भय क्षुद्र वाटू लागते, हा धोका येथे आहेच.

आणखी एक आक्षेप याहून मूलगामी आहे. सेवेतच जीविताचा अर्थ असेल, तर ख्रिस्त हवा कशास? शारदासदनातील एका विधवा विद्यार्थिनीशी विवाह केलेल्या अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला व ख्रिस्ती न होता आयुष्य त्यात वेचले. आक्षेप रास्त आहे. सेवेची मक्तेदारी कोणत्याही धर्माकडे नाही. परंतु रमाबाईंना काय मिळाले, हे पाहिले पाहिजे. आपण योग्य ठरावयाच्या आधीच आपला स्वीकार झाला आहे, ही भावना त्यांस मिळाली. ख्रिस्ती लोक हिला कृपा म्हणतात. पात्रता सिद्ध करण्यासाठी केलेली सेवा अपयश आले की खचते. स्वीकाराच्या आनंदातून उगवलेल्या सेवेस हिशेबाची गरज पडत नाही. १८९६ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणिल्या. केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. आंधळ्या मुलींस शिकविण्याची सोय झाली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे जे घर निघाले, त्याचे नाव त्यांनी कृपासदन असेच ठेविले. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे हे त्यांचे उत्तर होते.

दुष्काळात आईबाप का गेले, याचा उलगडा त्यांस या श्रद्धेने करून दिला, असे आम्हांस दिसत नाही. १९२१ साली मनोरमाही गेली. त्यानंतरही साध्यासुध्या मराठी बायकांस कळेल अशा भाषेत बायबल उतरविण्याचे त्यांचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मृत्यूचे कारण अखेरपर्यंत अज्ञात राहिले, तरी उद्याचे काम ठाऊक होते.

रमाबाईंची श्रद्धा प्रत्येकास लाभेल, वा लाभावी, असा आमचा आग्रह नाही. परंतु ओसरीवर बसलेल्या त्या दुःखितास अर्थ समजावून सांगण्याची आपण जी घाई करितो, ती जरा आवरावी. त्याच्यापाशी बसावे आणि तहान लागली असेल, तर त्याच्याच हातचे पाणी मागावे. उठून घागरीकडे जाण्यास तेवढे निमित्तही त्या वेळी पुष्कळ असते.