पत्रातून तपासलेला रोगी

अठराव्या शतकातल्या युरोपात नामांकित डॉक्टरचा सल्ला टपालानेही मिळत असे. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम कलन (१७१०–१७९०) यांच्याकडे अशी हजारो पत्रे आली. रोगी स्वतः लिही, नाहीतर घरचे कोणी किंवा गावचा डॉक्टर. झोप किती लागते, भूक कशी आहे, पोट साफ होते का, कळ कुठून उठते, सगळे तपशीलवार. समोरासमोर सांगायला जीभ रेटत नाही, अशा गोष्टीही कागदावर उतरत. तेव्हाचे निदान मुख्यतः रोग्याच्या सांगण्यावरच बेतलेले असे. स्टेथोस्कोप आला तो १८१६ साली. म्हणूनच न पाहता दिलेला सल्ला कुणाला वावगा वाटत नसे. कलन उत्तरात औषधांबरोबर दिनचर्याही आखून देत: काय खावे, काय टाळावे, घोड्यावरून किती रपेट करावी. उत्तर येईपर्यंत दुखणे पालटले, तर पुन्हा पत्र.

प्रत्येक उत्तराची नक्कल ते ठेवत. आधी लेखनिक ती हाताने उतरवी. १७८१ साली जेम्स वॉटचे नकला काढायचे यंत्र आले. ओलसर, पातळ कागद ताज्या शाईवर दाबला की अक्षरे उलटी उमटत, मग कागदाच्या मागल्या बाजूने ती सुलटी वाचायची. त्या नकला आजही एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवलेल्या आहेत.