नामानिराळे सभासद

वृत्तपत्रांतली एक बातमी गेली कित्येक दशके जवळजवळ शब्दही न बदलता छापली जाते : अमुक उद्योगांच्या संघटनेच्या शिष्टमंडळाने मंत्र्यांची भेट घेऊन निवेदन दिले. मागणीही ठरलेली असते. नवा नियम पुढे ढकला, नाहीतर सैल करा. निवेदनावर संघटनेचा शिक्का असतो, अध्यक्षांची सही असते. ज्यांच्या वर्गणीवर ती संघटना चालते त्या कंपन्यांपैकी एकीचेही नाव नसते. याच कंपन्या वर्षअखेरीस भागधारकांना जाडजूड अहवाल पाठवतात आणि त्यात हवामान बदलाचे स्वतंत्र प्रकरण असते. जगातल्या मोठ्या तेल आणि खाण कंपन्यांनी अलीकडे या प्रकरणात एका तक्त्याची भर घातली आहे. एका रकान्यात आपण सभासद असलेल्या संघटनांची नावे, शेजारच्या रकान्यात शेरे : सुसंगत, अंशतः सुसंगत, क्वचित विसंगत. कंपनीचे राजकीय वजन तिच्या हवामानविषयक वचनांच्या विरुद्ध पडू नये, या मागणीला दिलेले हे उत्तर आहे. मागणी रास्त होती. उत्तराने मात्र ती शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी करून टाकली. त्यातही गंमत अशी, की ज्याचे प्रगतिपुस्तक, शेरे लिहिणाराही तोच.

मराठीत 'लॉबी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. 'साखर लॉबी' म्हटले की डोळ्यांसमोर काही चेहरे येतात, काही आडनावे येतात. व्यापारी संघटनांची लॉबी याच्या नेमकी उलट असते; चेहरा दिसू नये यासाठीच तिची रचना केलेली असते. सुसंगतीच्या कल्पनेचा इतिहास ही रचना नजरेआड करून सांगितला जातो आणि त्यामुळेच तो चुकीचा सांगितला जातो. रूढ कथा सर्वांच्या ओळखीची आहे. आधी कंपन्या उघडपणे हवामान विज्ञानाला विरोध करत, मग काही शहाण्या झाल्या, विरोधी गोटातून बाहेर पडल्या, तो गोट मोडला. पुढे गुंतवणूकदारांनी या शहाणपणाला नियमांची चौकट दिली. या कथेतला 'गोट मोडला' हा भाग मला मान्य नाही, आणि बाकी सारी कथा त्याच खांबावर उभी आहे.

तो गोट म्हणजे ग्लोबल क्लायमेट कोअलिशन. अमेरिकी कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली १९८९ मध्ये ती स्थापन झाली. एक्सॉन, शेल, बीपी, फोर्ड, जनरल मोटर्स तिच्यात होत्या. आणि कंपन्यांच्या बरोबरीने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयसारख्या संघटनाही होत्या. संघटनांची संघटना हे रूप सुरुवातीपासूनच तिच्यात होते, हे ध्यानात ठेवावे. हरितगृह परिणामाचे विज्ञान पक्के आहे, ते नाकारता येणार नाही, असे तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी १९९५ च्या अंतर्गत मसुद्यात लिहिले होते; बाहेर मात्र अनिश्चिततेचा प्रचार चालू राहिला. १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटने, अमेरिकेला जाचक ठरेल असा हवामान करार करू नये असे सांगणारा बर्ड-हेगल ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला, तेव्हा किओटो कराराचे अमेरिकेतले भवितव्य करार होण्याआधीच ठरून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात बीपीचे प्रमुख जॉन ब्राऊन यांनी स्टॅनफर्डला, हवामान बदलाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असे मान्य करणारे ते गाजलेले भाषण केले. बीपी किओटोच्या आधीच कोअलिशनमधून बाहेर पडली होती. १९९८ मध्ये शेल गेली, १९९९ च्या डिसेंबरात फोर्ड, आणि पुढच्या काही महिन्यांत डेमलर-क्रायस्लर, टेक्साको, जनरल मोटर्स. या रांगेकडे पाहून तेव्हाच्या पर्यावरणवाद्यांनी विजयाचे ढोल वाजवले. ते स्वाभाविकही होते.

पण २००० साली कोअलिशनने काय केले ते पाहिले पाहिजे. तिने सभासदत्वाचा नियमच बदलला : यापुढे सभासद होतील त्या फक्त व्यापारी संघटना, कंपन्या नाहीत. याला तिने 'पुनर्रचना' म्हटले. इतिहास लिहिणारे याकडे बुडत्या जहाजाची धडपड म्हणून पाहतात आणि एका वाक्यात आटोपतात. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला हाच सर्वांत कल्पक निर्णय होता. कंपन्यांना बाहेर पडल्याचे श्रेय हवे होते, ते मिळाले. कोअलिशनला त्यांच्या नावांची अडचण होऊ लागली होती, ती सुटली. आणि बीपी, शेल यांची वर्गणी एपीआयकडे पूर्वीसारखीच जात राहिली, कारण त्या एपीआयमधून बाहेर पडल्याच नव्हत्या. पाणी तेच राहिले, नळावरची पाटी तेवढी बदलली. मार्च २००१ मध्ये बुश प्रशासनाने किओटो करार नाकारला. त्या जूनमध्ये परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी कोअलिशनच्या भेटीआधी जे टिपण तयार झाले, त्यात राष्ट्राध्यक्षांचा नकार काही अंशी तुमच्याच सल्ल्यावर आधारलेला आहे, असे या मंडळींना सांगावे असे नमूद होते. ते टिपण पुढे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. २००२ मध्ये कोअलिशनने काम थांबवले ते आपला हेतू साधला असे सांगून. हरलेली संघटना असे बोलत नाही, आणि या बाबतीत तिच्यावर विश्वास न ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

मग १९९७ ते २००० या काळाचा धडा कोणता? प्रचलित उत्तर : बाहेर पडण्याने फरक पडतो. त्या काळात प्रत्यक्षात सापडली ती आणखी सोयीची गोष्ट : स्वतःच्या नावाने एक बोलायचे आणि संघटनेच्या नावाने दुसरे, आणि दोन्हींची किंमत वेगवेगळ्या खात्यांत मांडायची. अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की सामुदायिक कृतीचा भार सभासदांमध्ये सारखा वाटला जात नाही; ज्याचा लाभ मोठा, तो जास्त ओझे उचलतो. संघटनेच्या भाषेत याचा अर्थ असा, की तिचा आवाज सभासदांच्या मतांची सरासरी नसतो. नव्या नियमाने ज्याचे सर्वाधिक नुकसान होणार, त्याचा तो आवाज असतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि समितीच्या बैठकीला तोच न चुकता हजर राहतो. बाकीचे गप्प बसतात. ही शांतता तटस्थ नसते. तिची वर्गणी भरलेली असते.

यानंतरची वीस वर्षे भराभर ओलांडता येतील. २००९ मध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या वॅक्समन-मार्की विधेयकाच्या वेळी अॅपल, एक्सेलॉन, पीजी अँड ई यांनी त्याला विरोध करणारे यूएस चेंबर ऑफ कॉमर्स सोडले. नाइकेने फक्त संचालक मंडळावरची जागा सोडली. विधेयक सिनेटमध्ये मेलेच. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी हवामान धोरणातल्या जबाबदार सहभागाची मार्गदर्शिका काढली. भागधारकांच्या दबावाखाली खाण कंपनी बीएचपीने २०१७ मध्ये आपल्या संघटनांचा आढावा प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी जागतिक कोळसा संघटना सोडली. ऑस्ट्रेलियातल्या ज्या खाण परिषदेवरून खरा वाद पेटला होता, तिथे मात्र ती राहिली. २०१९ मध्ये शेलने १९ संघटना तपासल्या. नऊ संघटनांशी तिला थोडीफार तफावत आढळली, एकीशी मोठी. ती एक तिने सोडली. एपीआय त्या नवांत होती. २०२० मध्ये शेवरॉनच्या भागधारकांच्या ५३ टक्के मतांनी लॉबिंगचा हिशेब मागणारा ठराव मंजूर झाला, पुढच्या वर्षी एक्सॉनच्याही भागधारकांनी तेच केले. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी चौदा निकषांचे जागतिक मानक आणले. एवढ्या वर्षांत मागणी नेमकी होत गेली, हे मी नाकारत नाही. पण मोजमापाचे एकक 'सभासदत्व' हेच राहिले. कोणत्या संघटनेत आहात? ती पॅरिस करार मानते का? नसेल तर बाहेर पडणार का? २००० साली कोअलिशनने ज्या प्रश्नांना बगल द्यायला शिकवले, तेच प्रश्न अजून विचारले जात आहेत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा : आत राहिल्यानेच संघटना बदलते, बाहेर पडलेल्याला कोण विचारतो? याला पुरावाही आहे. तेल कंपनी टोटलने जानेवारी २०२१ मध्ये एपीआय सोडली; मार्चमध्ये एपीआयने कार्बनवर किंमत लावण्याला तत्त्वतः पाठिंबा जाहीर केला. बाहेर पडणाऱ्याचा धक्का आणि आत राहणाऱ्यांचा आग्रह, दोन्हींचे हे फळ म्हणता येईल. पण त्याच वर्षी काँग्रेससमोर मिथेन गळतीवर शुल्क लावण्याचा प्रत्यक्ष प्रस्ताव आला, तेव्हा एपीआय त्याच्या विरोधात उभी राहिली. ऑक्टोबरात एक्सॉन आणि शेवरॉन यांच्या, तसेच बीपी आणि शेल यांच्या अमेरिकी शाखांच्या प्रमुखांना संसदीय समितीपुढे विचारले गेले, की तुम्ही एपीआयला हा विरोध थांबवायला सांगाल का? एकानेही हो म्हटले नाही. ते शुल्क २०२२ मध्ये कायद्यात आले आणि २०२५ मध्ये थेट २०३४ पर्यंत लांबणीवर टाकले गेले. तत्त्वाच्या पातळीवरची सुसंगती स्वस्त असते, कारण तत्त्वावर कधी मतदान होत नाही. मतदान होते ते कलमांवर, आणि कलमाच्या बाजूला सही कोणाची हे तक्त्यात कुठेच नसते.

दुसरा आक्षेप आपल्या अधिक जवळचा आहे. कोल्हापूरच्या लहान फाउंड्रीला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला दिल्लीत कोण ओळखतो? त्याला संघटनेशिवाय आवाज नाही. हे पूर्णपणे खरे आहे, आणि म्हणूनच माझी मागणी संघटनांच्या विरोधात नाही. ती फक्त अशा सभासदांपुरती आहे ज्यांना स्वतःचे धोरण विभाग आहेत आणि भागधारकांना दिलेली हवामानविषयक वचने आहेत. अशा सभासदाने एवढेच करावे : आपल्या संघटनेने ज्या विशिष्ट नियमावर निवेदन दिले, त्याच नियमावर आपली भूमिका स्वतःच्या नावाने लिहावी. संघटना सोडू नये, तिला शेरा देऊ नये. जिथे आपण काही बोललो नाही, तिथे संघटनेचे निवेदन आपलेच धरले जाईल, एवढे मान्य करावे.

आपल्याकडचा नियम याच्या किती लांब आहे ते पाहण्यासारखे आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यातले सातवे तत्त्व सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकण्याबद्दलच आहे. सक्तीच्या भागात कंपनीने आपल्या दहा प्रमुख चेंबर-संघटनांची नावे द्यायची, आणि त्या राज्य पातळीवरच्या की राष्ट्रीय, ते सांगायचे. प्रमुख कोणत्या हे ठरते त्या संघटनेच्या सभासदसंख्येवरून! कंपनी कुठे किती वर्गणी भरते, कोणाच्या समितीवर तिचा माणूस बसतो, याचा संबंध नाही. कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला हा प्रश्न आहे, पण तो ऐच्छिक भागात. म्हणजे रकाना आहे, आणि तो रिकामा सोडण्याची मुभाही आहे. बाहेरचे तक्ते उद्या आपल्याकडे आले तर याच रकान्यात ते सहज बसतील, आणि 'सुसंगत' असा शेरा मिरवतील.

तरीही माझी मागणी हवेतली नाही. पुण्याच्याच एका कंपनीने ती न मागता पुरी केली आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ प्रदूषण मानक लागू होणार होते आणि उद्योगाकडे बीएस-३ ची सुमारे ८.२४ लाख वाहने विक्रीविना पडून होती. हा साठा मुदतीनंतरही विकू द्यावा, असे वाहन उत्पादकांच्या संघटनेचे, सियामचे, सर्वोच्च न्यायालयात म्हणणे होते. बजाज ऑटो सियामची सभासद होती आणि तिने त्याच न्यायालयात स्वतःच्या नावाने उलट भूमिका घेतली : मुदत वर्षानुवर्षे ठाऊक होती, आम्ही वेळेत बदललो, न बदलणाऱ्यांना सवलत देऊ नये. प्रश्न हवामानाचा नव्हता, शहरांतल्या धुराचा होता. हेतूही काही संतपणाचा नव्हता. प्रतिस्पर्ध्यांनी जुन्या गाड्या स्वस्तात काढल्या असत्या तर वेळेत खर्च केलेल्या कंपनीचेच नुकसान होते. सुसंगतीसाठी सद्गुणाची गरज लागतेच असे नाही. हितसंबंध उघडपणे, आपल्या सहीने मांडला तरी पुरते. २९ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने लोकांचे आरोग्य उत्पादकांच्या व्यापारी हितापेक्षा मोठे ठरवून विक्री थांबवली. आजच्या सेबीच्या तक्त्यात त्या प्रसंगाची नोंद करायची झाली, तर सक्तीच्या भागात बजाज ऑटोपुढे आणि तिच्या विरोधात उभ्या असलेल्या कंपन्यांपुढे एकच ओळ येईल : सियाम, राष्ट्रीय.