पहिला शब्द कोणाचा?

एखाद्या मनुष्यानें आपल्याविषयीं खरें सांगितलें आणि तें ऐकून लोकांनीं त्यास छळिलें, तर दोष कोणाचा? सांगणाऱ्याचा कीं ऐकणाऱ्यांचा?

जस्टिन फशानू हा परक्या घरीं वाढलेला इंग्लंडांतील फुटबॉल खेळाडू. १९८१ सालीं त्याच्यासाठीं १० लक्ष पौंड मोजण्यांत आले. काळ्या वर्णाच्या ब्रिटिश खेळाडूस इतकी किंमत पूर्वीं मिळाली नव्हती. १९९० च्या आक्टोबरांत त्यानें वर्तमानपत्रांतून आपण समलिंगी आहों, म्हणजे आपलें प्रेम पुरुषांवर जडतें, असें उघड सांगितलें. प्रेक्षकांनीं त्यास शिव्या दिल्या. सख्ख्या भावानें जाहीरपणें झिडकारलें. १९९८ सालीं त्यानें आत्महत्या केली. त्या वेळीं त्याच्यावर अमेरिकेंत एक गंभीर आरोप झालेला होता. म्हणून त्या मृत्यूचें सारें ओझें जमावाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. परंतु शिव्या त्यास मिळाल्या त्या ह्या आरोपाच्या कितीतरी आधीं, केवळ खरें बोलल्याबद्दल, हें विसरतां येत नाहीं.

त्यानंतर ३२ वर्षें इंग्लंडांत खेळत असलेल्या एकाही व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूनें असें सांगण्याचें धैर्य केलें नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत ब्लॅकपूलच्या संघांतील १७ वर्षांच्या जेक डॅनियल्सनें तें मौन मोडिलें. ह्या वेळीं राष्ट्रीय संघाच्या कर्णधारानें त्याचें अभिनंदन केलें. लोक बदलले हें खरें. परंतु मधल्या ३२ वर्षांत किती जणांनीं तोंड मिटून दिवस काढिले असतील, ह्याचा हिशेब टाळ्यांनीं फिटत नाहीं.

कोणी म्हणतील, "ही खासगी गोष्ट, सांगावी तरी कशास?" पण विवाहित खेळाडू आपल्या पत्नीसह छायाचित्र काढवितो, तेव्हां त्यास कोणी असें विचारीत नाहीं. लपविण्याचें ओझें एकाच्याच पाठीवर लादून त्यास मर्यादा म्हणणें योग्य होईल काय?

हा प्रश्न केवळ परदेशाचाहि नव्हे. ओडिशांतील विणकराच्या घरची द्युती चंद हिनें २०१८ च्या आशियाई स्पर्धांत धावण्याचीं दोन रौप्यपदकें मिळविलीं. २०१९ सालीं तिनें आपल्या गांवच्या एका मुलीवर आपलें प्रेम असल्याचें सांगितलें. बाहेरच्या पुष्कळांनीं तिला धीर दिला. विरोध झाला तो घरांतून.

ह्यावरून दिसतें कीं जमाव मैदानावरच असतो असें नाहीं. तो उंबरठ्याच्या आंतहि असतो. फशानूच्या भावानें पुढें आपल्या वागण्याबद्दल खेद दर्शविला, पण तो ऐकावयास जस्टिन राहिला नव्हता. हजारोंच्या तोंडास आपण हात लावूं शकत नाहीं. परंतु आपल्याच ओसरीवर कोणी भीत भीत कांहीं सांगूं लागला, तर त्याच्या कानीं पडणारा पहिला शब्द आपला असतो. तो कसा असावा, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.