उताराचा हिशोब

घाट चढताना गाडी अडते, घाट उतरताना गाडी सुटते. आपल्याला राग अडलेल्या गाडीचा येतो. बोरघाटात लो-बेड ट्रेलरवर साखळ्यांनी जखडलेलं पोकलेन चालत्या माणसाच्या वेगाने वर चढत असतं, मागे कारची रांग लागते आणि प्रत्येक जण मनातल्या मनात त्या ड्रायव्हरच्या खानदानाची आठवण काढतो. तोच ट्रेलर दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या दिशेने उतरत असेल तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. उलट तो जरा पटपट उतरला तर बरंच वाटतं. खरा धोका मात्र त्या पटपट उतरण्यात असतो.

आधी थोडं गणित. वीस-एकवीस टनांचं पोकलेन, खाली ट्रेलर, पुढे ओढणारी गाडी, असं मिळून चाळीस टन धरू. खंडाळ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत उंचीत साधारण 500 मीटरचा फरक आहे. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे 20 कोटी ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावायची. घरगुती भाषेत 54 युनिट वीज. घाट अर्ध्या तासात उतरायचा तर दोन किलोवॅटचे पन्नासहून अधिक गीझर अर्धा तास सतत चालू ठेवण्याइतकी ही उष्णता झाली. त्यातला काही भाग टायर आणि हवा खातात. बाकीची इंजिनाने खायची की ब्रेकने, एवढाच प्रश्न उरतो.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे धरतं. 'ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा' हा जुना नियम यासाठीच आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड कमी होते, ड्रायव्हर आणखी जोरात पाय दाबतो, ड्रम आणखी तापतो. शेवटी पाय तळाला टेकलेला असतो आणि गाडी थांबत नसते. न्यूट्रलमुळे डिझेल वाचतं हा समजही तीव्र उतारावर खरा नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. तरीही लोक न्यूट्रल करतात, कारण सवय आहे आणि डिझेलचा हिशोब द्यायचा आहे.

मग अपघात होतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजी तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरलं. अशा प्रत्येक अपघातानंतर चर्चेला दोनच पर्याय असतात: ब्रेक फेल झाला, की ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली होती? पहिल्यात दोष यंत्राचा, म्हणजे कोणाचाच नाही. दुसऱ्यात दोष एका माणसाचा. तिसरा रकानाच नाही.

गंमत म्हणजे तत्त्वज्ञानातल्या एका प्रसिद्ध चर्चेतही ट्रक ड्रायव्हरच आहे. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 'नैतिक नशीब' या विषयावर निबंध लिहिले. विल्यम्सचा ड्रायव्हर पूर्ण निर्दोष आहे, पण त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. दोष नसला तरी त्याला जे वाटेल ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटणाऱ्या हळहळीपेक्षा वेगळं असेल, आणि असायलाच हवं, असं विल्यम्स म्हणतो. नेगेलच्या ड्रायव्हरने ब्रेक तपासून घेण्यात थोडी हयगय केलेली आहे. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल. तेवढीच हयगय करणारा दुसरा ड्रायव्हर, ज्याच्या वाटेत कोणी आलं नाही, तो घरी जाऊन जेवेल. कृती सारखीच, दोष मात्र नशिबाने वाटला.

मला हे निबंध आवडतात, पण एक शंका सुटत नाही. या दोन्ही ट्रकचा मालक कुठे आहे? ब्रेक तपासायला गाडी एक दिवस उभी ठेवली असती तर त्या दिवसाचं भाडं कोणी सोडलं असतं? तत्त्वज्ञांनी प्रश्न स्वच्छ मांडण्यासाठी ड्रायव्हरला एकटं केलं, हे समजू शकतो. पण घाटात कोणताच ड्रायव्हर एकटा नसतो. त्याच्यासोबत केबिनमध्ये पोचायची वेळ असते, लिटरमागे ठरवून दिलेले किलोमीटर असतात, आणि बदलायचं राहून गेलेलं लायनिंग असतं. खाली रस्त्यात कोण असेल हा नशिबाचा भाग झाला. ड्रम किती तापेल हा नशिबाचा भाग नाही.

त्याच डोंगरातून रेल्वेही उतरते. 1863 पासून बोरघाटात गाड्या धावतायत आणि तिथला चढ 37 ला 1 आहे. रेल्वेने या उताराकडे पाहण्याची एक वेगळी रीत बसवली. उतरणाऱ्या गाडीने ठरलेल्या जागी थांबायचं. पुढचा सांधा एरवी चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे दिसलं, की मगच तिच्यासाठी मुख्य मार्ग लावला जातो. न थांबलेली गाडी आपोआप आडमार्गावर जाऊन चढावर थकते. यात लोको पायलटवर अविश्वास नाही. माणूस चुकू शकतो आणि लोखंड तापू शकतं हे आधीच धरून चाललेलं आहे. तिथे थांबणं हा कामाचा भाग आहे. रस्त्यावर थांबणं हा मात्र उशीर ठरतो.

हा फरक मला माझ्या नोकरीमुळे जास्त जाणवतो. मालवाहू गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो. वेग, थांबे, मायलेज, पोचायची वेळ, असे रकाने असतात. मागच्या वर्षी एका ग्राहकाने मागणी केली की वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलेली गाडी लाल दिसली पाहिजे आणि महिनाअखेरीस ड्रायव्हरांची क्रमवारी लागली पाहिजे. मी विचारलं, "साहेब, घाटाच्या माथ्यावर ब्रेक गार करायला थांबलेली गाडीही लाल होणार?" उत्तर आलं, "तुम्ही फक्त दाखवा, ठरवू आम्ही." आमच्या टीममध्ये यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी घाटमाथ्यांच्या जागा नकाशावर आखून तिथले थांबे क्रमवारीतून वगळायचे ठरले, आणि ग्राहकानेही ते कुरकुरत मान्य केलं. काम जेमतेम आठवड्याचं होतं. 'आम्ही फक्त दाखवतो' हे वाक्य मला तेव्हापासून टोचतं, कारण रंग निवडणं हेही ठरवणंच असतं. पगार ज्यावर अवलंबून आहे तो रकाना ड्रायव्हर केबिनमध्ये बसूनही वाचत असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: जबाबदारी अशी सगळ्यांत वाटली तर ती कोणाचीच राहणार नाही, आणि दारू पिऊन गाडी हाकणाराही 'व्यवस्थेचा बळी' म्हणून सुटेल. मला तसं वाटत नाही. जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की मालकाने एक तुकडा घेतला तर ड्रायव्हरच्या वाट्याला कमी येईल. माथ्यावर गिअर न बदलणारा ड्रायव्हर त्या कृतीला पूर्ण जबाबदार आहे. लायनिंग बदलायचं टाळणारा मालक त्याच्या कृतीला पूर्ण जबाबदार आहे. रस्त्याचा उतार आखणारा, भाडं ठरवणारा, लाल रंग निवडणारा, हे सगळे आपापल्या जागी पूर्ण.

यांचा क्रम लावून पाहिला तर एक गोष्ट दिसते. रस्ता आखताना बदल कागदावर होतो. लायनिंग बदलायला एक दिवस लागतो. माथ्यावर गिअर बदलायला क्षण पुरतो. अर्ध्या घाटात, ड्रम तापल्यावर, कोणाच्याच हातात फारसं काही उरत नाही. म्हणजे जसजसं खाली यावं तसतसा ताबा कमी होत जातो आणि दोष मात्र वाढत जातो. सगळ्यात जास्त दोष आपण त्या माणसाला देतो ज्याच्या हातात, त्या क्षणी, सगळ्यात कमी उरलेलं असतं. वर बसून ज्यांनी शांतपणे निर्णय घेतले, त्यांची नावं बातमीत येतच नाहीत.

चौकशी खालून वर जाते तेव्हा बहुतेक वेळा ती केबिनपाशी थांबते, कारण तिथे एक माणूस सापडतो. ती आणखी वर गेली पाहिजे, घाटमाथ्यापर्यंत आणि तिथून गाडी निघाली त्या ऑफिसपर्यंत. आपल्यापैकी बरेच जण अशाच एखाद्या ऑफिसात बसतो, जिथून उतार दिसतही नाही. पुढच्या वेळी एखादा ट्रेलर खंडाळ्याला कडेला उभा दिसला, ड्रायव्हर चाकाजवळ वाकून ड्रमच्या उष्णतेचा अंदाज घेताना दिसला, तर हॉर्न वाजवू नका. कोणाच्या तरी स्क्रीनवर तो थांबा आत्ता लाल झालेला असेल. तरीही तो थांबला आहे.